सशाच्या पोटातला भुसा

काचेच्या पेटीत पेंढा भरलेला एक पांढरा ससा उभा असतो, पायांत खिळे ठोकून फळीवर पक्का केलेला. तो डोळे फिरवतो, स्वतःला खिळ्यांतून उपटून काढतो, पेटीच्या तळातल्या चोरखणातून कोट नि टोपी काढून अंगावर चढवतो आणि काच फोडून चालू लागतो. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. सशाला घाई आहे हे आपण गोष्टीत वाचलेलं असतं. पण मग तो वेळ बघायला घड्याळ काढतो, आणि ते खिशातून नाही. छातीची शिवण उसवलेली आहे, त्या भोकात पंजा घालून, भुसा चाचपून, आतून काढतो. घड्याळाला चिकटलेला भुसा जिभेनं चाटून साफ करतो. पुढे एका ठिकाणी तर रीतसर बसून वाडगाभर भुसा चमच्यानं खातो. वरून खाल्लं तरी खालच्या फटीतून सांडणं काही थांबत नाही.

हे बघताना नेमकं काय वाटून घ्यायचं? मला किळस आली, हसू आलं, आणि पगारदार माणूस म्हणून सशाची कणवही आली. एक तारखेला वरून भरायचं आणि वीस तारखेपर्यंत खालून सांडत राहायचं, हा प्रकार माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. तिन्ही भावना एकदम आल्यामुळे चेहरा कुठला करावा ते ठरेना. शेजारी बायको बसली होती. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "दाढ दुखतेय का?"

सिनेमा चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर यांचा, 1988 सालचा. लुईस कॅरलच्या 1865 सालच्या ॲलिसवर बेतलेला. देवदत्त नारायण टिळकांनी 'जाईची नवलकहाणी' लिहून जिला मराठीत आणलं, तीच ही मुलगी. डिस्नेनं 1951 साली तिला निळा झगा घालून गाणी म्हणायला लावलं. श्वांकमायरनी तिला एका कोंदट खोलीत नेऊन सोडलं आणि खोलीतल्या वस्तूंना तिच्या अंगावर सोडलं.

आमच्या घरात हा सिनेमा आणला वरच्या मजल्यावरच्या काकांनी. काका बँकेतून निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. त्यांची खरी नोकरी फिल्म सोसायटीत होती आणि तीतून ते अजून निवृत्त झालेले नाहीत. वकिलातींकडून फिल्मचे डबे मागवायचे, हॉलमधल्या पंख्यांच्या घरघरीत खालच्या ओळी वाचत पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया पालथे घालायचे, हे त्यांचं तारुण्य. अशा माणसानं "तुमच्या भाचीला दाखवा, मुलांचाच सिनेमा आहे" असं म्हटल्यावर शंका घेणं आमच्या सोसायटीत असभ्य समजलं जातं. शिवाय मे महिना होता, भाची सुट्टीला आलेली होती, आणि वाहिन्यांवरचे सगळे उंदीर-मांजर तिचे पाठ झाले होते.

काका खोटं बोलले नव्हते. सिनेमाच्या सुरुवातीलाच ॲलिस सांगते की आता तुम्ही मुलांसाठी केलेला सिनेमा बघणार आहात. मग जरा थांबते आणि म्हणते, बहुधा. वर आणखी बजावते की डोळे मिटा, नाहीतर काही दिसणार नाही. सेन्सॉरच्या कुठल्याही प्रमाणपत्रावर 'बहुधा' हा शब्द छापलेला मी पाहिलेला नाही. छापायला हरकत नाही, बरेच वाद मिटतील.

सासूबाईंनी डोळे मिटायची सूचना तंतोतंत पाळली. त्यांना जाग आली ती थेट सुरवंटाच्या प्रवेशाला, आणि तिथून सिनेमा संपेपर्यंत त्यांचा डोळा लागला नाही. हा प्रवेश सांगायलाच हवा. एका खोलीच्या लाकडी जमिनीला भोकं पडलेली आहेत आणि त्यांतून पायमोजे अळ्यांसारखे सळसळत आत-बाहेर करताहेत. त्यातला एक मोजा काचेचे दोन डोळे उचलून चेहऱ्याच्या जागी लावतो, एक कवळी तोंडात बसवतो आणि मोजे रफू करायच्या लाकडी ठोकळ्यावर चढून बसतो. झाला सुरवंट. उपदेश करतो. उपदेश झाल्यावर झोपायचं म्हणून सुईदोऱ्यानं स्वतःच्या पापण्या शिवून घेतो.

माझ्या अंगावर काटा आला. बायकोनं उशी पोटाशी धरली. सासूबाई मात्र सरसावून पुढे झाल्या.

"कवळी अशी उघड्यावर टाकतात का? पाण्यात ठेवायची असते. वाळली की तडकते."

"आई, तो सुरवंट आहे."

"असेना. दात कुणाचे तरी असतीलच की." मग थोडं निरखून, "आणि धावदोरा घालतोय. सकाळपर्यंत उसवणार. हातटीप घालायला हवी होती."

श्वांकमायरविषयी काकांनी मला नंतर बरंच वाचायला दिलं. स्वप्न, अबोध मन, बालपणीची भीती, सगळं होतं. सुरवंटाच्या शिवणीवर टीका मात्र मला कुठंच सापडली नाही.

काकांच्या मते आपण या सिनेमाला उगाच विचित्र म्हणतो. प्रागमध्ये हे घरगुती आहे. सोळाव्या शतकात तिथं सम्राट दुसऱ्या रुडॉल्फनं दरबार हलवला आणि जगभरातून चित्रविचित्र वस्तू गोळा करून महालात भरल्या, पेंढा भरलेली जनावरं, शिंगं, शिंपले, यंत्रं. त्याच्यासाठी काम करणाऱ्या आर्चिम्बोल्दो नावाच्या इटालियन चित्रकारानं खुद्द सम्राटाचं चित्र काढलं ते भाज्या आणि फळांचं, आणि सम्राट चिडला नाही, खूश झाला. पुढे त्याच शहरात घरोघर बाहुल्यांचे खेळ रुजले. श्वांकमायरना लहानपणी नाताळात भेट मिळालं ते बाहुल्यांचं छोटं थिएटर, आणि कॉलेजात ते शिकले तेही बाहुलीनाट्यच. त्यांचा जन्म 1934 चा, आणि त्याच वर्षी प्रागमध्ये सर्रिअलिस्ट मंडळींचा गट स्थापन झाला. या योगायोगाला ते 1970 साली जागले आणि त्या गटात दाखल झाले. पत्नी एवा स्वतः चित्रकार, त्याही याच पंथातल्या. घरात दोघंही असे असताना रोजचा स्वयंपाक कसा होत असेल, हा प्रश्न आमच्याकडे फक्त बायकोला पडला.

तो प्रश्न तसा रास्त आहे. खाण्याच्या पदार्थांवर या माणसाचा राग दिसतो. ॲलिस मुरंब्याची बरणी उघडते, बोट घालते, तर मुरंब्यात टाचण्या. पावातून खिळे उगवतात. मांसाचा एक कच्चा तुकडा कपाटातून सरपटत निघून जातो, कुणाची वाट अडवत नाही, कुणाला काही सांगत नाही. अंडी फुटतात आणि आतून पक्ष्यांच्या कवट्या बाहेर येतात. आमच्याकडे त्या संध्याकाळी अंडाकरी होती. ती दुसऱ्या दिवशी डब्यात गेली आणि डब्यातून जशीच्या तशी परत आली.

आता एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. या सिनेमात मी काही ठिकाणी कंटाळलो. वेड्या टोपीवाल्याचं चहापान सुरू होतं. टोपीवाला ही दोऱ्यांची लाकडी कठपुतळी. चहा पितो तो पोकळ अंगातून मागच्या बाजूनं वाहून जातो. त्याच्या समोरचा ससा चावीचा, दर थोड्या वेळानं चावी संपते, मग कुणीतरी पिळायची. त्याचा एक डोळा लोंबतो, तो परत बसवायचा. घड्याळांना लोणी लावायचं. मग खुर्च्या बदलायच्या आणि पहिल्यापासून सगळं परत. चहा, वाहणं, चावी, डोळा, लोणी. दुसऱ्या फेरीला मी गालात हसलो, तिसऱ्या फेरीला फोन चाळला, चौथ्या फेरीला उठून पाणी पिऊन आलो. आलो तर तेच चालू होतं. त्यानंतर मात्र मला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि का हसतोय ते सांगताही येईना. हे दिग्दर्शकानं ठरवून केलं की कापायचं राहून गेलं, यावर काकांचं आणि माझं एकमत झालेलं नाही. कंटाळा वापरून हसवणं ही कला असेल तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचे चिटणीस मोठे कलावंत आहेत.

पण खणाच्या मुठीबद्दल वाद नाही. ती निव्वळ प्रतिभा आहे.

ससा पळतो तो एका उघड्या माळरानावर. तिथं मधोमध एक लिहायचं मेज. ससा त्याच्या खणात शिरतो आणि गडप होतो. ॲलिस मागोमाग जाते, खणाची मूठ ओढते, मूठ हातात येते आणि मुलगी धाडकन मागे पडते. बरं, एकदा झालं. पुढच्या खोलीत पुन्हा मेज, पुन्हा खण, पुन्हा मूठ हातात. नंतर नंतर तर ती मेजाकडे चालायला लागली की आपण आधीच डोळे बारीक करतो. आख्ख्या सिनेमात तिच्या हाताला धड उघडणारा खण म्हणून लागत नाही. तिला दर वेळी नखांनी, हाती लागेल त्या वस्तूनं, फटीत घालून तो उचकटावा लागतो.

मी कुठल्याच सिनेमात इतकं खरं काही पाहिलेलं नाही. हिंदी सिनेमात नायिका खण उघडते, पत्र बाहेर. इंग्रजी सिनेमात खण उघडतो, पिस्तूल बाहेर. ओढल्यावर मूठ हातात राहते आणि आतलं पत्र आतच, हे आयुष्य फक्त श्वांकमायरना माहीत होतं. आमच्या टीव्हीखालच्या कपाटाला तीन खण आहेत. वरच्याची मूठ आम्ही कापडात गुंडाळून मधल्या खणात ठेवली आहे. मधला खण उघडायचा तर खालचा आधी काढावा लागतो. खालचा कुणी उघडत नाही, कारण त्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे: जुने चार्जर, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या, सासऱ्यांच्या चष्म्याची एक काडी, बटणं, बंद पडलेलं एचएमटी, आणि त्यांची कवळी. ते जाऊन बरीच वर्षं झाली. कवळी टाकायची कशी, हे कुणाला सुचलेलं नाही. ओल्या कचऱ्यात की सुक्या, इथपासून प्रश्न आहे.

आणि इथं मला या सिनेमाची मेख सापडली असं वाटतं. पडद्यावर जे जे हलतं ते ते कुणाच्या तरी घरातून आलेलं आहे. राक्षस नाहीत, परग्रहावरचे नाहीत, रबरी मुखवटे नाहीत. मोजे, बटणं, कात्र्या, बरण्या, सार्डिनचे डबे, हाडं, बाहुल्या. आपण ज्यांना नंतर बघू म्हणून आत ढकललं, आणि नंतर बघितलं नाही, त्यांचं हे संमेलन आहे. मोठ्या माणसाला भीती वाटते ती यामुळे. त्याच्या नावावर असा एक खण असतोच. आठ वर्षांच्या मुलीच्या नावावर अजून काही जमा झालेलं नसतं. ती मजेत बघते.

भाची खरंच मजेत बघत होती. ॲलिस स्वतःच्याच अश्रूंच्या तळ्यात गळ्यापर्यंत बुडाली आहे, एक उंदीर पोहत येतो, तिच्या डोक्यावर चढतो, सामान उतरवतो, टाळूत खुंट ठोकतो, केसांत जाळ करतो आणि वर पातेलं टांगून स्वयंपाकाला लागतो. बायको ओरडली, "अगं, हाकल ना त्याला!" भाची म्हणाली, "थांब ना मामी, त्याला भूक लागलीय." सशाबद्दल तिचं मत असं होतं की चूक भरणाऱ्याची आहे, कापूस भरला असता तर सांडला नसता. सिनेमाला घाबरली नाहीस का, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच मोजा असावा.

आणि खरंच, सिनेमातली मुलगीही घाबरत नाही. क्रिस्टीना कोहोउतोव्हा नावाची ती लहान मुलगी आख्ख्या सिनेमात बहुतेक वेळ एकटीच हाडामांसाची आहे. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही, गोडवा नाही, डोळे विस्फारणं नाही. आहे तो हट्ट. सशानं जनावरांची फौज आणली तर ती त्यांना लाथ घालते. शाई प्यायली की ती लहान होते, म्हणजे चिनीमातीची बाहुली होते, टार्ट खाल्ला की पुन्हा मुलगी. या उलाढालीचाही तिला फारसा उपसर्ग नाही. आपल्याकडच्या बालचित्रपटांतली मुलं कॅमेऱ्याकडे बघून जशी निरागस होतात, तशी ही एकदाही होत नाही.

तिचे ओठ मात्र आम्हाला पुरून उरले. कुणीही काही बोललं की पडद्यावर एकदम तिचे नुसते ओठ येतात, मोठ्ठे, दातांसकट, आणि सांगतात की हे पांढरा ससा म्हणाला. हे सुरवंट म्हणाला. दर वाक्याला. सासूबाई वैतागल्या. "कळतंय की ससा म्हणाला. दुसरं कोण आहे तिथं?"

"आजी, ती एकटीच खेळतेय ना," भाची म्हणाली. "सगळ्यांचं तीच बोलतेय."

काका चमकले. बऱ्याच वर्षांत त्यांच्या चर्चासत्रात कुणी इतकं थोडक्यात बोललं नव्हतं.

संगीताची सोय या सिनेमात जवळपास नाही. कधी घाबरायचं, कधी हळवं व्हायचं, हे सांगायला व्हायोलिन नाही. आहेत ते नुसते आवाज: खरडणं, कुरतडणं, खिळा निघताना होणारी करकर, कात्रीची कचकच, घड्याळाची टिकटिक. काकांनी सांगितलं होतं की आवाज मोठा ठेवा. आम्ही ठेवला. मध्यंतरात खालच्या मजल्यावरून फोन आला की सुतारकाम दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं असा सोसायटीचा नियम आहे.

हे सगळं हलवलं कसं, ही भाचीची पुढची चौकशी. मी समजावून सांगितलं. मोजा ठेवायचा, एक चित्र घ्यायचं, मोजा केसभर सरकवायचा, पुन्हा चित्र घ्यायचं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी पळतो. एका स्थितीची दोन-दोन चित्रं घेतली तरी सेकंदाला 12 वेळा मोजा सरकवायचा, मिनिटाला 720 वेळा. मध्ये कुणी टेबलाला धक्का दिला, दिवा हलला, मोजा कलंडला, की आधीच्याशी जुळत नाही. "म्हणजे त्यांच्या घरी कुणी खोलीत येत नसणार," बायको म्हणाली. तिच्या आवाजात हेवा होता.

"असले उद्योग आपल्याकडे कोण करतो!" सासूबाई म्हणाल्या, आणि काकांना हवं ते मिळालं. आपल्याकडे हे दादासाहेब फाळक्यांनी केलं. 'राजा हरिश्चंद्र' काढायच्या आधी, 1912 च्या सुमारास, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण घेत राहिले. ते पडद्यावर सलग पळवल्यावर अंकुर डोळ्यांदेखत वाढला. हीच फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. पुढे 1915 मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, काड्या सरकवून सरकवून. म्हणजे आपल्या सिनेमाचा पहिला भरवशाचा नट वाटाणा. वेळेवर येतो, मानधन मागत नाही, रोज थोडी प्रगती करतो.

मला या माहितीनं धीर आला, पण तुलना फार ताणता येत नाही. फाळक्यांच्या वाटाण्याला वाढायचं होतं. श्वांकमायरांच्या वस्तूंना कुणाला तरी खायचं असतं. 1982 मध्ये त्यांनी संवादाच्या शक्यता या अर्थाच्या नावाची एक छोटी फिल्म केली. तिच्यात भाज्यांचं एक डोकं आणि स्वयंपाकाच्या भांड्यांचं एक डोकं समोरासमोर येतात आणि एकमेकांना खातात, ओकतात, पुन्हा खातात, शेवटी सगळी डोकी सारखी गुळगुळीत होईपर्यंत. शेवटच्या भागात मातीची दोन डोकी टेबलाशी बसलेली आहेत. एक तोंडातून टूथब्रश काढतं, दुसरं पेस्ट. एक पाव, दुसरं लोणी. एक बूट, दुसरं नाडी. एक पेन्सिल, दुसरं टोकयंत्र. सुरळीत. मग क्रम चुकतो. पेस्ट बुटावर, लोणी पेन्सिलीवर, नाडी पावावर. दोघंही बोलायचं थांबत नाहीत, आणि अखेर दोघांनाही तडे जातात. ही फिल्म मी नि बायकोनं नंतर एकदा रात्री पाहिली. संपल्यावर आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही, उगाच लोणी कुठं लागायचं.

त्या फिल्मला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. मायदेशी ती कम्युनिस्ट पक्षाच्या वैचारिक समितीला दाखवली गेली, काय होऊ देता कामा नये याचा नमुना म्हणून. मला यात समितीचं कौतुक वाटतं. पडद्यावर पालेभाज्या भांडताहेत आणि त्यात आपलीच बदनामी आहे हे ओळखायला प्रामाणिक आत्मपरीक्षण लागतं. त्याआधी सत्तरच्या दशकात काही वर्षं श्वांकमायरना सिनेमा करूच दिला नव्हता. त्या सक्तीच्या सुट्टीत त्यांनी काय करावं? नुसतं हात लावून अनुभवायच्या वस्तू बनवल्या आणि स्पर्शावर एक पुस्तक लिहिलं. तेही आधी मोजक्या प्रतींत, लपूनछपून निघालं. म्हणूनच त्यांच्या सिनेमात पडद्यावरचा भुसा आपल्या नखांत शिरतो. बंदी घालणाऱ्यांनी एका माणसाचा कॅमेरा काढून घेतला आणि त्याची बोटं तयार करून परत पाठवली.

'ॲलिस'लाही पैसा मुख्यतः बाहेरून आला, स्वित्झर्लंड, ब्रिटन, पश्चिम जर्मनीतून. सिनेमाच्या शेवटाकडे एक खटला चालतो. पत्त्यांतले राजा-राणी न्यायासनावर, ॲलिस आरोपी, आणि तिच्या हातात एक छापील वही दिली जाते. तू काय बोलायचंस ते यात लिहिलेलं आहे, तेवढं वाच. आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. 1952 मध्ये प्रागला असाच एक खटला झाला होता, म्हणाले. पक्षाचा माजी सरचिटणीस स्लान्स्की आणि त्याच्याबरोबर तेरा जण. प्रत्येकानं आपला कबुलीजबाब पाठ करून कोर्टात म्हटला. अकरा जणांना फाशी झाली. तेव्हा श्वांकमायर अठरा वर्षांचे होते.

ॲलिस ती वही काही नीट वाचत नाही. मधेच पुरावा म्हणून ठेवलेले टार्ट खायला लागते. राणीचा हुकूम ठरलेला असतो, डोकं उडवा, आणि डोकी उडवायचं काम सशाकडे. त्याच्या हातात कात्री. पत्त्यांवरच्या गुलामांची डोकी कचाकच कापून झालेली असतात, आणि कापलेले पत्ते मुकाट्यानं खेळत राहतात. मग ती जागी होते. खोलीत सगळं जिथल्या तिथं आहे, काचेची पेटी मात्र फुटलेली आणि रिकामी. ती चोरखण उघडते, तिला कात्री मिळते. आणि ती शांतपणे विचार करते की ससा नेहमीप्रमाणे उशीर करतोय, आला की त्याचं डोकं उडवावं की काय. संपला सिनेमा.

ही जागा मला पूर्ण पटली. इतर लोक ॲलिसची परीकथा करतात आणि आपण स्वप्न केलं, असं श्वांकमायरचं म्हणणं होतं. परीकथेत शेवटी कुणीतरी बोट नाचवून शहाणपण शिकवतं. स्वप्नाला असल्या भानगडीत रस नसतो. बायकोला ही जागा अजिबात पटली नाही. तिनं आधी भाचीकडे, मग टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं आणि कात्री फ्रिजवर नेऊन ठेवली. ती तिथून कुणी हलवलेली नाही. परवा दुधाची पिशवी दातांनी फाडली.

"मग? कसा वाटला?" काकांनी विचारलं. हा प्रश्न पुण्यात सोपा नाही. आवडला म्हणावं तर कारण विचारतात, नाही म्हणावं तर पुस्तक आणून देतात. बायको म्हणाली, चांगला आहे पण पुन्हा दाखवू नका. भाची म्हणाली, पुन्हा लावा. मी म्हणालो की पहिला अर्धा भाग थोर आहे, चहापान कापायला हवं होतं, आणि मुठीसाठी त्या माणसाला वेगळं पारितोषिक द्यायला हवं. हे ऐकून काका म्हणाले, 1989 साली फ्रान्समधल्या आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालेलंच आहे. मुठीचा उल्लेख त्यात होता की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

जाताना त्यांनी पुढच्या रविवारचं सुचवलं. श्वांकमायरांचाच, 2000 सालचा, 'ओतेसानेक'. मूल नसलेलं जोडपं, नवरा झाडाचं एक खोड उकरून आणतो, त्याला बाळासारखा आकार देतो, बायको त्याला दुपटी-झबली घालते, आणि ते खोड खायला लागतं. आधी दूध, मग मांजर, मग पोस्टमन.

"नको," बायको म्हणाली.

"आणि मग त्याला आवरतं कोण?" सासूबाईंनी विचारलं.

काकांनी सांगितलं की त्याच इमारतीत एक म्हातारी बाई असते. ते खोड तिच्या वाफ्यातला कोबी खातं. तेव्हा ती कुदळ घेऊन निघते.

"कोबी खाल्ला म्हणून?" सासूबाई उठून बसल्या. "रविवारी किती वाजता म्हणालात?"